विषय: ‘सर्व फिशटँकसाठी सुरक्षित’ शंख-शिंपले, मेलेले सात निऑन आणि तुमचा मिठाचा सल्ला

व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,

तुमच्या कस्टमर केअरला सहावा फोन करून आत्ताच खाली ठेवला. यापुढे लेखीच.

दीड महिन्यापूर्वी तुमचं शंख-शिंपल्यांचं अर्धा किलोचं पाकीट घेतलं. त्यावर ठळक अक्षरांत छापलंय, ‘सर्व फिशटँकसाठी सुरक्षित’. माझा टँक दोन फुटी, साठेक लिटरचा, गोड्या पाण्याचा. आत ड्रिफ्टवूड आणि अकरा निऑन टेट्रा मासे. नळाचं पाणी हलकं, केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) 2. टँकचा पीएच वर्षभर 6.6 च्या आसपास. शिंपले टाकल्यापासून तो 7.8 पर्यंत चढला, केएच 7. रविवारी पाणी बदललं की खाली, गुरुवारपर्यंत पुन्हा वर. मी फिल्टरवर संशय घेतला, वाळूवर घेतला, नगरपालिकेवर तर घेतलाच. पाकिटावर घेतला नाही, कारण त्यावर ‘सुरक्षित’ लिहिलं होतं.

शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, हे मी तुम्हाला सांगायचं? कोकणात शिंपले भाजून चुना करायचे. आम्लधर्मी पाण्यात शिंपला हळूहळू विरघळतो, पाणी जड होतं, पीएच चढतो. शेवटी एका शिंपल्यावर व्हिनेगर टाकलं तर सोड्यासारखा फसफसला. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरातल्या सिक्लिड माशांना असं जड पाणी मानवतं, काही तर रिकाम्या शंखातच संसार थाटतात. मग पाकिटावर तेवढंच छापा ना. निऑन ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या हलक्या पाण्यातला मासा.

त्यात ‘स्वच्छ करून पॅक केलेले’ म्हणे. मोठ्या शंखाच्या पिळात गोगलगायीचं सुकलेलं मांस तसंच होतं. ते कुजलं, अमोनिया झाला. पीएच एकाने वाढला की त्याच अमोनियातला विषारी वाटा जवळपास दहापट होतो. शुक्रवारी सकाळी सात निऑन तळाला.

आता आजचा फोन. तुमच्याकडे रेकॉर्डिंग असतं म्हणे, जरूर ऐका.

“सर, शिंपला पाण्यातच राहतो ना?”

“समुद्राच्या.”

“मग समुद्रात मासे असतातच ना सर? ते कुठे मरतात?”

मी गप्प. त्याला वाटलं, पटलं. अकरा मिनिटं होल्डवर सनई ऐकवून परत आला. “सीनियरशी बोललो सर. टँकमध्ये थोडं मीठ टाका, म्हणजे शिंपल्यांना सूट होईल.”

शिंपल्यांना! मेलेल्या शिंपल्यांना बरं वाटावं म्हणून जिवंत मासे खारवायचे. मी विचारलं, “सुकट करायचीय का?” तर उत्तर, “ती माहिती माझ्याकडे नाही सर.” त्या मुलावर राग नाही, त्याच्यासमोरचा कागद तुम्हीच लिहिलात. पण तो सीनियर कोण, हे मला खरंच पाहायचंय.

गेली सहा वर्षं फिल्टर, हीटर, खाद्य, सगळं तुमचंच घेतलं. चार जणांना घ्यायला लावलं. त्यांना आता तोंड दाखवायची लाज वाटते. आणि पाकिटावर अजून ‘सर्व फिशटँकसाठी सुरक्षित’च आहे, काल दुकानात जाऊन पाहिलं.

पाकिटाचे, सात माशांचे आणि टेस्ट किटचे पैसे परत हवेत. पाकिटावरचा ‘सर्व’ शब्द काढा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार, आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. दिशाभूल करणारी जाहिरात म्हणजे काय, हे 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात लिहिलेलं आहे. बिल, पाकीट, तारखेनिशी पीएचची वही आणि मांसासकट तो शंख बरणीत घट्ट झाकण लावून ठेवलाय. तपासायला पाठवा कुणाला तरी. झाकण त्यांनीच उघडायचं.

उरलेले चार निऑन बादलीत आहेत.

एक ग्राहक

ता. क. हे लिहितानाच तुमचा मेसेज आला: ‘आमच्या सेवेला 1 ते 5 मध्ये गुण द्या.’ शून्य दाबलं. ‘अवैध पर्याय’ म्हणाला.