ट्युलिप घेताना रंगाच्या आधी गट बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत ट्युलिपवर पानभर मजकूर आला होता, फोटो तर इतके मस्त की मी ते पान कापून ठेवलंय. पण वाचून झाल्यावर वाटलं, अहो ज्याला खरंच कंद घ्यायचेत त्याच्या हातात काय पडलं? लाल घ्या, पिवळे घ्या, जांभळे घ्या, मिक्स घेतले तर वाफा रंगीबेरंगी दिसेल, एवढंच. चप्पल घेताना पण आपण रंगाच्या आधी माप बघतो हो. ट्युलिपचं माप म्हणजे त्याचा गट, आणि ते कुणी सांगतच नाही म्हणून हे पत्र लिहायला बसले. जरा लांबेल, कात्री लावायची तर लावा पण गटांचा भाग तेवढा राहू द्या.

आधी माझी फजिती सांगते. पहिल्या वर्षी मी नुसते फोटो बघून 30 कंद मागवले, सगळे गुलाबी, त्यातले निम्मे अँजेलिक नावाचे. ही डबल लेट गटातली, म्हणजे उशिरा फुलणारी, पाकळ्यांनी गच्च भरलेली, फुललं की ट्युलिप वाटतच नाही. पहिलं फूल उघडलं तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना हाका मारून बोलावलं, आणि तिसऱ्याच दिवशी पाऊस आला. भरगच्च फुलात पाणी साठतं आणि देठाला तो भार झेपत नाही, सकाळी बघते तर सगळ्यांनी माना टाकलेल्या, अर्धी चिखलात. म्हटलं ठीके, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी काय, प्रत्येक ठिकाणी एकेक रुंद पान वर आलं आणि बास. मला वाटलं खत कमी पडलं, म्हणून आणखी खत घातलं, तरी पानच.

नंतर कळलं की यात खताचा दोष नव्हताच. ट्युलिपचा कंद दरवर्षी स्वतःला पूर्ण संपवतो. म्हणजे तुम्ही जो लावता तो फूल देऊन वाळून जातो आणि त्याच्या जागी जमिनीत नवीन कंद तयार होतात, त्यातला एखादा मोठा झाला तर त्याच्यात पुढच्या वर्षीची कळी धरते, सगळे बारकेच राहिले तर प्रत्येक जण एक पान काढतो आणि गप्प बसतो. आता कुठला ट्युलिप चांगला मोठा कंद मागे ठेवतो आणि कुठला बारीक पिल्लं सोडून मोकळा होतो, हे बऱ्यापैकी त्याच्या गटावर ठरतं. रंगाचा इथे काही संबंध नाही. हे मला 30 कंद वाया गेल्यावर कळलं, तुमच्या वाचकांना आधी कळू दे.

नेदरलँड्समधली कंद उत्पादकांची संस्था ट्युलिपच्या जातींची नोंद ठेवते आणि तिथे फुलाचा आकार, फुलायची वेळ, मूळ कुठलं यावरून गट पाडलेत. असे पंधराएक गट आहेत. सगळे पाठ करायची काही गरज नाही, मला पण लागोपाठ सांगता येणार नाहीत. कामाचे आहेत ते बोलते.

ज्यांना एकदा लावून दोनचार वर्षं तरी फुलं बघायचीत त्यांनी डार्विन हायब्रिड गट बघावा. अपेल्डॉर्न हा लाल, गोल्डन अपेल्डॉर्न पिवळा, पिंक इम्प्रेशन गुलाबी. उंच, जाड देठाचे, मोठ्ठ्या फुलांचे. डार्विन ट्युलिप आणि मध्य आशियातला फोस्टेरियाना यांच्या संकरातून हे आले, आणि यातले बहुतेक जण बी धरत नाहीत. फोस्टेरियाना हाही स्वतंत्र गट आहे, त्यातला पुरिसिमा नावाचा पांढरा मला फार आवडतो, लवकर फुलतो आणि उघडला की ताटलीएवढा पसरतो. त्यांचेच नातेवाईक कौफमानियाना आणि ग्रेगी, हे दोन्ही बुटके. वारं फार लागणारी जागा असेल, किंवा कुंडी असेल, तर डोळे झाकून हे घ्या, कारण 60 सेंटीमीटरचा ट्युलिप वाऱ्यात उभा करायचा म्हणजे रोज काठ्या बांधत बसा. ग्रेगीतल्या रेड रायडिंग हूडच्या पानांवर तपकिरी-जांभळ्या रेघा असतात, त्यामुळे फूल नसलं तरी कुंडी बरी दिसते. हा फायदा फोटोत कुणी दाखवत नाही कारण फोटो फक्त फुलाचा असतो.

ट्रायम्फ गट म्हणजे सगळ्यात मोठा, फुलांच्या दुकानात जे दिसतात त्यातले बरेचसे यातलेच. स्ट्राँग गोल्ड, इल द फ्रान्स वगैरे. सुबक पेल्यासारखं फूल, मध्यम उंची, पावसाला बऱ्यापैकी टिकतात, रंग म्हणाल तो. पहिल्यांदाच लावणार असाल तर ट्रायम्फ घ्या, फसायची शक्यता कमी. पण परत येतीलच असं धरू नका.

आणि मग पॅरट. बापरे. पाकळ्यांच्या कडा फाटलेल्या, मुरडलेल्या, त्यावर हिरवे फटकारे, जणू कुणीतरी फूल मुठीत चुरगाळून परत उघडलंय. ब्लॅक पॅरट एकदा प्रत्यक्षात बघा, बाकी सगळं फिकं वाटतं. पण डोकं जड आणि परत यायची खात्री नाही, त्यामुळे एका सीझनचा शौक समजून चारपाचच लावायचे, तेही आडोशाला. मी दरवर्षी स्वतःला बजावते की यंदा पॅरट नाही आणि दरवर्षी घेतेच.

लिली फ्लॉवर्डचं वेगळंच. कमरेत बारीक, टोकदार पाकळ्या बाहेर वळलेल्या. तुर्कस्तानच्या ऑटोमन सुलतानांच्या दरबारात अशाच लांब, सुईसारख्या टोकाच्या पाकळ्यांचे ट्युलिप चांगले मानायचे, 1718 ते 1730 या काळाला तर त्यांच्या इतिहासात ट्युलिप पर्वच म्हणतात. या गटातला बॅलेरिना केशरी आहे आणि त्याला चक्क वास आहे. ट्युलिपला वास नसतो असं म्हणणाऱ्यांच्या नाकासमोर धरावा. वासासाठीच घ्यायचा असेल तर ॲप्रिकॉट ब्यूटी पण आहे, फिका जर्दाळू रंग, लवकर फुलणारा.

आता वेळेचं. तुमच्या लेखात मिक्स पॅकेटची शिफारस होती, तिथे मला खरंच राग आला. मिक्समध्ये कुठल्या वेळेचे कंद आहेत हे कळत नाही, दहा आज फुलतात, पाच दोन आठवड्यांनी, तोवर पहिल्यांच्या पाकळ्या गळून नुसते दांडे उभे. एक फूल साधारण एक ते दोन आठवडे टिकतं, ऊन तापलं तर त्याहून कमी. म्हणून लवकरचे, मधले आणि उशिराचे असे तीन वेगवेगळे गट मुद्दाम निवडायचे, आधी कौफमानियाना किंवा फोस्टेरियाना, मग ट्रायम्फ नाहीतर डार्विन हायब्रिड, शेवटी सिंगल लेट (एकेरी पाकळ्यांचे, उशिरा फुलणारे), म्हणजे सहाएक आठवडे काही ना काही फुललेलं असतं. एकाच मोठ्या कुंडीत पण जमतं, उशिराचे तळाशी, वर मातीचा थर, मग लवकरचे, खालचे कोंब वरच्यांच्या मधून वाट काढतात. आणि ज्यांना झुबकाच हवाय त्यांनी एकच जात 20-25 एकत्र लावावी, पाच जातींचे पाच पाच लावले की बाग नाही, कॅटलॉग वाटतो.

रंगाच्या नावांवर विश्वास ठेवू नका हे पण छापा. मला एका विक्रेत्याने निळ्या ट्युलिपचं पॅकेट दिलं होतं, वर आकाशासारखा निळा फोटो. फुललं जांभळं. चूक माझीच, कारण खरा निळा ट्युलिप अस्तित्वातच नाही, नावात ब्लू असलेले ब्लू पॅरट, ब्लू डायमंड हे सगळे जांभळ्याच्या घरातले. काळ्याचं तसंच, क्वीन ऑफ नाइट खूप गडद वांगी-लाल आहे, उन्हात मागून बघितलं की लगेच कळतं. ती जात मात्र घ्याच, सिंगल लेट आहे, उंच आहे, पांढऱ्याच्या शेजारी लावली तर फारच उठून दिसते.

पट्ट्यापट्ट्यांचे, ज्वाळेसारखे रेघांचे ट्युलिप जुन्या डच चित्रांत असतात, सेंपर ऑगस्टस त्यातला सगळ्यात गाजलेला, त्या कंदांचे भाव भलतेच चढवणाऱ्या सौद्यांचा फुगा नेदरलँड्समध्ये फेब्रुवारी 1637 मध्ये फुटला ती गोष्ट बहुतेकांना माहीत असते. कमी जणांना माहीत असतं ते हे की त्या रेघा म्हणजे आजार होता. मावा किडीतून पसरणारा व्हायरस, तो 1928 मध्ये डोरोथी केली या इंग्लंडमधल्या संशोधक बाईंनी शोधला. व्हायरसने कंद दर पिढीला कमजोर होत जायचा, म्हणून सेंपर ऑगस्टस टिकला नाही. आज रेम्ब्रांट म्हणून मिळतात ते व्हायरस नसलेले, दिसायला तसे. तेव्हा तुमच्या साध्या एकरंगी ट्युलिपमध्ये अचानक पट्टे उमटले तर फोटो काढून खुश होऊ नका, तो कंद उपटून टाका, नाहीतर शेजारच्यांना लागेल.

थंडीचा मुद्दा लेखात एका ओळीत उरकला होता, खरं तर निवड तिथूनच सुरू होते. ट्युलिप मूळचा मध्य आशियातल्या तिएनशान, पामीर भागातल्या डोंगरांचा, कडक हिवाळा आणि कोरडा उन्हाळा ही त्याची सवय. कंदाला साधारण 12 ते 16 आठवडे 2 ते 9 अंश सेल्सियसची थंडी मिळाली नाही तर देठ वाढतच नाही, कळी पानांच्या बेचक्यातच अडकून सुकते. जिथे हिवाळा तेवढा थंड नाही तिथे कंद कागदी पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवतात, फ्रीजरमध्ये नाही, आणि फळांबरोबर तर अजिबात नाही, पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो त्याने आतली कळी मरते. पिशवीवर नाव लिहा, कांदे समजून कुणी चिरायला घेतले तर पंचाईत, ट्युलिपचा कंद विषारी असतो. अशा जागी एकाच सीझनचे म्हणून लावा, आणि सिंगल लेट किंवा डार्विन हायब्रिड घ्या, गरमी त्यातल्या त्यात ते सोसतात.

त्याहून बरं म्हणजे रानटी जाती, ज्यांना स्पीशीज ट्युलिप म्हणतात. क्लुसियाना, सिल्व्हेस्ट्रिस, सॅक्साटिलिस यांना थंडी कमी लागते आणि जागा मानवली, उन्हाळ्यात माती कोरडी राहिली, तर त्या आपल्या आपण वाढत जातात. फुलं छोटी, चांदण्यांसारखी, फोटोत मार खातात म्हणून कुणी घेत नाही. क्लुसियानातली लेडी जेन बाहेरून गुलाबी, आतून पांढरी, सकाळी मिटलेली असताना एक फूल आणि दुपारी उघडल्यावर दुसरंच. क्लुसियाना हे नाव क्लुसियस या वनस्पतीशास्त्रज्ञावरून, ज्याने 1590च्या दशकात नेदरलँड्समधल्या लायडनच्या बागेत ट्युलिप लावले.

कंद हातात घेऊन घ्यायला मिळाले तर दाबून बघा, घट्ट आणि जड हवा, मऊ किंवा निळसर बुरशीने भरलेला नको, वरचं तपकिरी साल सुटलं असेल तर चालतं. परीघ 12 सेंटीमीटर किंवा जास्त म्हणजे पहिल्या नंबरचा. फक्त रानटी जातींचे कंद मुळातच बारके असतात, ते बघून विक्रेत्याशी भांडू नका, मी भांडलेय. लावायची खोली कंदाच्या उंचीच्या तिप्पट, म्हणजे 15 सेंटीमीटर तरी, निचऱ्याची जागा. फूल गेलं की बोंड खुडायचं पण पानं पिवळी पडेपर्यंत हात लावायचा नाही, नवा कंद त्या पानांवरच पोसतो. नीटनेटकेपणाच्या नादात हिरवी पानं कापणारी माणसं मग म्हणतात जात खराब निघाली.

तर विनंती एवढीच, पुढच्या वेळी ट्युलिपचा फोटो छापाल तेव्हा खाली जातीचं नाव, गट, उंची आणि लवकर की उशिरा एवढ्या चार गोष्टी द्या, एका ओळीत मावतात. यंदा मी लेडी जेनचे 25 कंद आणलेत, आणि हो, तीन पॅरट. लेडी जेन फुलल्या की फोटो पाठवते, सकाळचा एक आणि दुपारचा एक, छापायचे तर दोन्ही छापा.

आपली,
बागेत वेळ घालवणारी एक जुनी वाचक