आमच्या कादंबऱ्यांची गाडी मार्गी लावणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

मराठवाड्यात लिहिणाऱ्याला विषयांची टंचाई नाही. दुष्काळ, ऊसतोड, किल्लारीचा भूकंप, सगळं डोळ्यांदेखतचं. तरी शंभरेक पानांनंतर कादंबरी बसकण मारते. ती का मारते, हे तुम्ही शिबिरात कार्डं आणि पेन्सिल हाती देऊन दाखवलंत, म्हणून हे जाहीर आभार.

एका प्रसंगाला एक कार्ड, त्यावर तीनच ओळी: कुणाला काय हवंय, आडवं काय येतं, शेवटी काय बदललं. तिसरी ओळ कोरी राहिली तर ते नुसतं वर्णन. दुसऱ्या प्रसंगात मुरवा, नाहीतर काढा. मग कार्डं ओळीनं मांडून दोहोंच्या मध्ये 'म्हणून' किंवा 'पण' बसतं का ते बघायचं. 'आणि मग'च बसत गेलं तर ती रोजनिशी.

सगळ्यात उपयोगी पडला तो ऊसतोडीचा मसुदा. जोडप्यानं मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली, दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळी निघालेली, आणि नायक येळवशीच्या दिवशी गावाकडं शेतात आंबील पीत बसलेला! येळवस म्हणजे मार्गशीर्ष अमावास्या, डिसेंबर-जानेवारी. तेव्हा तो उसाच्या फडात असणार. दुसऱ्या कुणी तारीख खोडली असती. तुम्ही विचारलंत, "मग हा आला कसा?" उचल फिटायच्या आत पळून आला असेल, तर कोयता, म्हणजे नवरा-बायकोची तोडणीची जोडी, मोडला, बायको तिकडं एकटी अडकली, मुकादम दारात येणार. पुढची तीन कार्डं तिथंच सुटली. मधला भाग ढिला पडतो तो नायकावर नुसत्या गोष्टी कोसळत राहतात म्हणून. पळून येणं हा त्याचा स्वतःचा निर्णय, त्यामुळं कादंबरीच्या मधोमध तो पेलतो.

८०,००० शब्दांचा हिशेबही कामाचा: २०,००० पर्यंत परतीची वाट बंद, ४०,००० ला निर्णय, ६०,००० ला सगळ्यात मोठा फटका. चार-पाच हजार मागेपुढे चालतात. पहिला टप्पा मात्र आम्ही १५,००० वरच आणतो. गाव दाखवण्यात आपल्याकडं फार पानं जातात. उपकथानकं दोनच, आणि तीही मूळ कथेला धक्का देणारी, हे पटलं.

वयांचा तक्ताही तुमचाच. १९९३ च्या भूकंपात दहा वर्षांची असलेली मुलगी २०१६ मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा बत्तीस-तेहतिशीची. तिला कॉलेजात बसवलं की वाचक पुस्तक मिटतो. आणि तो भूकंप ३० सप्टेंबरच्या पहाटेचा, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जनाहून कोण कधी परतलं आणि कुठं झोपलं, एवढ्यावरच कोण वाचतं ते ठरतं. ते कार्ड आधी लिहायचं, ढिगाऱ्याचं नंतर.

एक मागणी आहे. पुढचं शिबिर शेवटच्या दहा कार्डांवर घ्या. तिथं हमखास एखादा नवा तहसीलदार नाहीतर मुंबईचा मामा उगवतो आणि सगळं सोडवून जातो. त्याला पहिल्या वीस हजारांत कसं पेरायचं, ते अजून आम्हाला जमत नाही.

आपले,
लातूर-धाराशिवकडचे लिहिते