सुभेदार काकांना, सगळ्यांसमोर

आदरणीय सुभेदार काका,
स. न. वि. वि.

समोर उभं राहून आभार मानले की तुम्ही ‘बाई, त्यात काय एवढं’ म्हणून विषय संपवता. म्हणून हे पत्र.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, क्रीडाशिक्षक नाही. व्हॉलीबॉल माझ्या वाट्याला आला तो वेळापत्रकाच्या कृपेनं. 18 बाय 9 मीटरचं मैदान, सहा खेळाडू, तीन स्पर्शांत चेंडू पलीकडे, एवढं मला पाठ होतं. पोरांच्या अंगात ते कसं उतरवायचं, ते तुम्ही दाखवलंत.

आल्या आल्या तुम्ही जाळीच सोडायला लावलीत. पोरं हिरमुसली, त्यांना स्मॅश हाणायचा होता. ‘आधी चेंडू घ्यायला शिका.’ मग एकेकाला पालथ्या बादलीवर बसवून समोरून हलकेच चेंडू टाकायचात. चेंडू आला की हात जोडून उठायचं, हात झोकायचे नाहीत, जोर पायांचा. तास संपला की सगळ्यांचे हात तपासायचात. मनगटाच्या वर, आतल्या सपाट भागावर लाली दिसली तर शाबासकी. अंगठ्यावर दिसली तर उद्या पुन्हा बादली. इतकं चोख मूल्यमापन आमच्या प्रगतिपुस्तकातही होत नाही, हे आपल्यात राहू दे.

चेंडूत हवा ठासून भरली की लहान पोरांचे हात दुखतात आणि ती चेंडूला घाबरतात, हेही तुमच्याकडूनच कळलं. पंप तुम्ही स्वतःच्या पैशानं आणलात. पावती मागितली तर हसलात.

सगळ्यात जास्त आभार सातवीतल्या त्या किरकोळ अंगाच्या मुलीसाठी. तिची सर्व्हिस जाळीपर्यंतसुद्धा जायची नाही. बाकीची पोरं म्हणाली, हिला बाहेर बसवा. तुम्ही म्हणालात, ‘रोटेशनमध्ये जागा बदलत प्रत्येकाची सर्व्हिसची पाळी येते, लपवणार कुठं?’ तिला अर्ध्या मैदानात उभं केलंत. डावा पाय पुढे, चेंडू कमरेखाली, हात सरळ मागून पुढे. चेंडू पलीकडे पडला की एक पाऊल मागे. असं करत ती शेवटच्या रेषेवर पोहोचली. आता तिची पाळी आली की समोरची पोरं मागे सरकतात.

पाणी पिताना तुम्ही 1986 च्या सोल एशियाडमधलं भारताचं व्हॉलीबॉलचं कांस्यपदक आणि त्या संघातल्या जिमी जॉर्जची उडी सांगितलीत. तेव्हापासून कुणी जरा उंच उडालं की पोरं ‘जिमी, जिमी’ ओरडतात.

हात जोडून घ्यायचा खालचा पास आता माझा मी शिकवते. डोक्यावर बोटांनी द्यायच्या वरच्या पासला मात्र तुम्हीच हवेत. पोरं बोटांनी न उचलता तळव्यांनी थापटतात, आणि मलाही ते नीट जमत नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटली की या. आणि या वेळी चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही.

आपली,
शाळेतल्या बाई