वाळू कधी सोडायची?

फ्रायबुर्ग, जर्मनी
9 नोव्हेंबर 2025

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

दिवाळीला फोन केला तर तुम्ही "आईला देतो" म्हणालात आणि दिलात. पाडव्याला तेच. भाऊबीजेला फोन धाकट्यानेच उचलला. आई म्हणाली, "त्यांना बोलायला जमत नाही गं, तू लिही." म्हणून लिहिते. मेल केला असता तर तुम्ही तो धाकट्याला वाचायला लावला असता आणि त्याने मधलं मधलं गाळून वाचलं असतं. कागद असला की तुम्ही चष्मा लावून, ओसरीवर बसून, स्वतः वाचता हे मला माहीत आहे.

आधी पैशाचं सांगून टाकते. रेल्वे चालवायचा पगार आधीच्या कॉम्प्युटरच्या नोकरीच्या निम्म्याहून थोडा वर आहे. पुण्याच्या फ्लॅटचा हप्ता थकलेला नाही, थकणारही नाही. तुमच्या जावयांचा पगार आहे, आणि आम्ही गाडी विकली. व्हिसाची काळजीही सोडा. मला 2021 मध्येच इथलं कायमचं राहण्याचं परमिट मिळालंय, त्यावर कुठलीही नोकरी करता येते. मोठे काका म्हणाले म्हणे, "जर्मनीला जाऊन शेवटी ड्रायव्हरच!" त्यांना सांगा, हो. शेवटी ड्रायव्हरच.

आता मुद्द्याचं. तेरा वर्षं मी कॉम्प्युटरसमोर काढली. वाईट माणसं नव्हती, छळ नव्हता, कॉफी फुकट होती. इथल्या विमा कंपनीत तर चौदा महिने आम्ही एकच स्क्रीन करत होतो. दावा मंजूर करणाऱ्या माणसाला सहा वेळा क्लिक करावं लागे, ते चार वेळांवर आणायचं. आणलं. मग वरचे साहेब बदलले आणि प्रकल्पच गुंडाळला गेला. त्याचा निरोप द्यायला मीटिंग ठेवली होती, त्यात केक होता. मी केक खाल्ला, घरी आले, आणि तुमच्या नातीने विचारलं, "आज काय केलंस?" मला सांगता येईना. केक खाल्ला, एवढंच खरं होतं.

तुम्हाला आम्ही तोच प्रश्न विचारायचो. तुम्ही इंजिनावरून घरी येऊन बूट काढता काढता म्हणायचात, "गीतांजली आणली. राइट टाइम." दोन शब्दांत दिवस संपायचा. आई ताट वाढायची.

त्या केकनंतर साधारण महिन्याने, लोकलमध्ये दाराच्या वर एक जाहिरात दिसली. दुसऱ्या धंद्यातून येणाऱ्यांना रेल्वे कंपनी स्वतः शिकवते, शिकताना पगार देते, अकरा महिन्यांत गाडी हातात. ड्रायव्हरांचा तुटवडा आहे इथे. मी ती जाहिरात चार दिवस रोज वाचली. पाचव्या दिवशी फोन केला. तुमच्या जावयांना अर्ज पाठवल्यावर सांगितलं, ते आधी हसले, मग म्हणाले, "तू झोपेत सिग्नल बोलतेस, माहीत आहे का?" मला माहीत नव्हतं. लहानपणी तुमच्या तोंडून ऐकलेलं असणार.

मेडिकल झाली, सायको टेस्ट झाली, रंगांची परीक्षा झाली. तुमच्या ड्रायव्हरांच्या ए-वन मेडिकलमध्ये मी पहिल्याच दिवशी नापास झाले असते, चष्म्यामुळे. इथे चष्मा चालतो, फक्त ड्यूटीवर जादा जोडी जवळ ठेवायची. वर्गात आम्ही चौदा जण होतो. एक बेकरीवाला, एक नर्स, दोन सैन्यातून आलेले, एक संगीत शिक्षक. माझं जर्मन सगळ्यांत कच्चं, पण एअर ब्रेकचा धडा आला तेव्हा मीच शहाणी ठरले. ब्रेक पाइपमधलं प्रेशर कमी झालं की ब्रेक लागतो, वाढलं की सुटतो, हे बाकीच्यांना उलटं वाटत होतं. मी चौथीत असताना तुम्ही मला सायकलच्या ट्यूबवर समजावलं होतं. विसरलात?

आता तुम्हाला आवडेल असं सांगते. मी चालवते ती लाइन फ्रायबुर्गहून ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरात चढते. वाटेत एक स्टेशन आहे हिमेलराइख, म्हणजे स्वर्गलोक. ते सोडलं की लगेच दरी लागते तिचं नाव होलेनटाल, नरकाची दरी. स्वर्ग खाली आणि नरक वर, हा उलटा हिशेब जर्मनांनाच जमतो. या दरीतला चढ हजाराला सत्तावन्न आहे. तुमच्या भाषेत 1 इन 17.5. बाबा, आपला थळ घाट 1 इन 37! कसाऱ्याला मागून ढकलायला बँकर इंजिनं लावायचे आणि इगतपुरीला सोडायचे, ते आपण सुट्टीत मुंबईला जाताना खिडकीतून बघायचो. तुम्ही स्वतः घाट कधी केला नाहीत, इगतपुरीला एसी विजेची हद्द संपायची आणि तुम्ही गाडी देऊन विश्रांतीला रनिंग रूममध्ये जायचात. पण डब्यात बसल्यावर घाटात तुम्ही बोलायचे बंद व्हायचात, मोटरचा आवाज ऐकत. इथे 1887 साली लाइन झाली तेव्हा दातेरी पट्टी लावून गाडी वर न्यायचे, 1933 पर्यंत. आता आमच्या गाडीला इंजिन वेगळं नाही, डब्यांखालीच मोटरी, एकटीच चढते. मधे रावेन्ना नावाचा दगडी पूल आहे, सदतीस मीटर उंच, खाली पाइनची टोकं.

आणि हे ऐका. आमच्या प्रशिक्षकांनी हे सांगितलं तेव्हा मी बाकावरून उठलेच. जर्मनीत जवळजवळ सगळीकडे ओव्हरहेड वायर 15 केव्ही, म्हणजे पंधरा हजार व्होल्ट, आणि 16.7 हर्ट्‌झ. पण होलेनटालमध्ये 1936 साली प्रयोग म्हणून 20 केव्ही, 50 हर्ट्‌झ लावलं होतं, म्हणजे घरातल्या विजेचीच फ्रिक्वेन्सी. युद्धानंतर हा भाग फ्रेंचांच्या ताब्यात आला. त्यांच्या रेल्वेच्या इंजिनिअरांनी इथे ते बघितलं, अभ्यास केला, आणि घरी जाऊन 25 केव्ही, 50 हर्ट्‌झ उभं केलं. 1957 मध्ये आपल्या रेल्वेने एसी वीज घ्यायचं ठरवलं तेव्हा सल्ला त्यांचाच घेतला. म्हणजे भुसावळ शेडमधून तुम्ही आयुष्यभर जी इंजिनं बाहेर काढलीत, त्यांच्या विजेचं मूळ मी रोज जाते त्या दरीत आहे. या लाइनीवरचा प्रयोग 1960 मध्ये आटोपला, इथे आता सगळ्यांसारखंच 15 केव्ही. पण तुमच्याकडे ते अजून चालू आहे. मी प्रशिक्षकांना म्हटलं, माझ्या वडिलांनी छत्तीस वर्षं त्यावर गाडी चालवली. ते म्हणाले, मग इथे तुम्ही पाहुण्या नाही.

कॅबमध्ये मी एकटीच असते. असिस्टंट नाही. हे तुम्हाला पटणार नाही, मलाही पहिले आठवडे पटलं नाही. तुम्ही दोघं एकमेकांना सिग्नल ओरडून सांगायचात, हात दाखवून. मी कुणाला सांगू? मग मी एकटीच बोलते, मराठीत. तुमची व्हीसीडी, जागेपणा तपासणारं यंत्र, मिनिटाला विचारायची, जागे आहात ना. इथे पायाखाली पेडल असतं, ते दर तीस सेकंदांच्या आत एकदा उचलून परत दाबायचं. नाही दाबलं तर दिवा, मग भोंगा, मग गाडी उभी. आता घरी जेवताना टेबलाखाली पाय आपोआप हलतो, नात हसते.

एक गंमत आणि थोडी भीतीही. तुमच्याकडे दोन पिवळे म्हणजे अटेन्शन, पुढचा सिग्नल सावधान असेल. इथल्या जुन्या सिग्नलांवर तिरके दोन पिवळे दिसले म्हणजे पुढचा थेट लाल. लहानपणापासून डोक्यात बसलेलं "डबल यलो, चलो" मला खरवडून काढावं लागलं. शिकताना एकदा माझा हात ब्रेककडे जायला क्षणभर उशीर झाला. शेजारी बसलेले प्रशिक्षक काही बोलले नाहीत. स्टेशनात गाडी उभी राहिल्यावर फक्त म्हणाले, "इंडिया?" मी म्हटलं, "भुसावळ."

रूट शिकायची पद्धत तीच आहे, तुमच्या एलआरसारखी, म्हणजे लर्निंग रोडसारखी. दुसऱ्याच्या कॅबमध्ये बसायचं, दिवसा, रात्री, धुक्यात, आणि लाइन पाठ करायची. कुठल्या झाडानंतर वळण, कुठल्या गोठ्यानंतर ब्रेक धरायचा. तुम्ही वरणगावच्या पुढच्या चिंचेवरून ब्रेक धरायचात, तसं माझं एक लाल छपराचं घर आहे. त्या बाईने छपराचा रंग बदलला तर माझी पंचाईत.

बाबा, मला माहीत आहे तुम्ही पगारामुळे गप्प नाही. काकांमुळेही नाही.

मी पाचवीत होते. तुम्ही ड्यूटीवरून आलात ते पुढच्या दाराने आला नाहीत. मागच्या नळाखाली अंगातल्या कपड्यांसकट बसलात. मे महिना होता, भुसावळचं पाणी टाकीत उकळत होतं, तरी तुम्ही काकडत होतात. आईने आम्हाला आत ओढलं. त्या रात्री तुम्ही जेवला नाहीत. दुसऱ्या दिवशी ड्यूटीचं बोलावणं घेऊन कॉलबॉय सायकलवरून आला, तुम्ही वहीवर सही केलीत आणि पेटी उचललीत. कोण होतं, कुठे झालं, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत. मी विचारलंही नाही. पण त्यानंतर महिन्याभरात मला जळगावच्या क्लासला घातलंत, आणि आजी रेल्वेतल्या भरतीबद्दल काही बोलली की तुम्ही उठून जायला लागलात. मला ते त्या वेळी कळलं नाही, इथे पहिल्या आठवड्यातच कळलं. कारण गाडीखाली माणूस येण्यावर इथे वर्गात पूर्ण दिवस बोलतात. आपल्या वाट्याला आलं तर काय करायचं, कुणाला कळवायचं, आणि त्यानंतर गाडी पुढे न्यायची नाही. दुसरा ड्रायव्हर येतो, आपल्याला घरी सोडतात, बोलायला माणूस देतात, महिने लागले तर महिने. वर्गातला सैन्यातून आलेला मुलगा बाहेर जाऊन उभा राहिला होता. मी तुमचा नळ आठवत बसले होते.

ते माझ्याही वाट्याला येऊ शकतं. येणार नाही असं मी तुम्हाला लिहिणार नाही. पण तुम्ही मला जन्मभर जे दाखवलं नाहीत ते मी बघून, विचारून, सही केली आहे.

आणि दुसरी बाजूही तुम्ही आम्हाला सांगितली नव्हती, ही माझी तक्रार आहे. सकाळची गाडी घेऊन मी दरीतून वर येते तेव्हा खाली फ्रायबुर्गवर धुकं असतं आणि हिंटरत्सार्टनला पोचेपर्यंत सूर्य कॅबमध्ये शिरतो. सहाशे मीटरहून जास्त चढून आलेली असते. मागे शाळेची मुलं झोपलेली. हे तुम्ही गुपचूप छत्तीस वर्षं एकटेच बघत होतात! आम्हाला वाटायचं बाबा कामाला जातात.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री मी ड्यूटीवर होते. नॉयश्टाटला गाडी लावून बावन्न मिनिटं थांबायचं होतं. आईने पाठवलेला चिवडा आणि कडक झालेल्या शंकरपाळ्या डब्यात होत्या. तुमच्या ड्यूटीच्या पेटीतून, लाइन बॉक्समधून, आम्ही रनिंग रूमचा उरलेला शिरा शोधायचो, तो वास आठवला. सगळं छानच आहे असं नाही. नातीच्या गॅदरिंगला मी जाऊ शकले नाही, आणि नाताळलाही रोस्टरमध्ये माझंच नाव आहे. आईने आम्हाला तुमच्याशिवाय किती सण करून दिले, ते मोजायला लागले आहे. आईला हे वाचून दाखवा.

आपल्या पहिल्या महिला रेल्वे ड्रायव्हर सुरेखा यादव यंदा सप्टेंबरात निवृत्त झाल्या, वाचलं असेलच. 2011 च्या महिला दिनाला त्यांनी डेक्कन क्वीन पुण्याहून मुंबईला नेली तेव्हा तुम्ही पेपरातला फोटो कापून कपाटाच्या दाराला आतून लावला होतात. आतून का लावलात, बाहेरून का नाही, हे मी तेव्हाही विचारणार होते.

आता कामाचं. नोव्हेंबर आला, झाडांचा सगळा पाचोळा रुळांवर. त्यावरून गाडी गेली की तो चेचून त्याचा काळा साबणासारखा थर बसतो, त्यात दव. मंगळवारी हिमेलराइखच्या वर चाकं घसरली. पॅनेलवर दिवा लागला, मोटर ओरडली, वेग पंचेचाळीसचा अठ्ठावीस झाला. मी पॉवर कमी केली, चाकांपुढे रुळावर वाळू सोडली, पकड आली. पुस्तकात तसंच लिहिलंय. पण इथले एक म्हातारे ड्रायव्हर म्हणतात, घसरल्यावर नाही, त्या वळणाच्या आधीच थोडी वाळू सोडत जायची. दुसरे म्हणतात, तसं केलंस तर वर पोचेपर्यंत वाळूचा डबा रिकामा.

तुम्ही पावसाळ्यात मालगाडी घेऊन जायचात तेव्हा वाळू आधी सोडायचात की चाक घसरल्यावर? आणि किती?

पत्र पोचायला दोन-तीन आठवडे लागतील. उत्तर लिहायचा कंटाळा आला तर फोनवर सांगा. 30 तारखेच्या रविवारी मला सुट्टी आहे. तुमच्या सकाळी साडेअकराला मी करते. आईला आधी उचलू देऊ नका.

तुमची,
मोठी