आमची आजी आणि फिनलंडचा ओर्या

संपादक महोदय, नमस्कार,

रविवारच्या पुरवणीतला 'आर्य' शब्दावरचा लेख वाचला, लेख चांगलाच होता पण हा शब्द जिथे जिथे गेला तिथे श्रेष्ठ, कुलीन असाच अर्थ घेऊन गेला हे वाक्य काही पटलं नाही, म्हणून हे पत्र.

फिनिश भाषेत गुलामाला ओर्या म्हणतात. माझी भाची हेलसिंकीला असते, तिच्या पुस्तकात हा शब्द बघून मी 'ओर्जा' वाचलं तर ती हसायलाच लागली, तिकडे जे चा उच्चार य करतात. मग मीच दोनदा मोठ्याने म्हणून बघितलं, ओर्या, आर्य... आणि कान टवकारले. बहुतेक भाषातज्ज्ञ तो या आर्यवरूनच आला असं मानतात, फक्त थेट संस्कृतमधून नाही तर त्याच्याही आधीच्या इंडो-इराणी बोलीतून, म्हणजे जिच्यातून संस्कृत आणि जुन्या इराणी भाषा निघाल्या तिच्यातून.

फिनिश काही आपल्या कुळातली नाही, ती एस्टोनियन, हंगेरियनच्या घरातली. पण साधारण 4000 वर्षांपूर्वी आजच्या रशियातल्या उरल पर्वत आणि व्होल्गा नदीच्या बाजूला दोन्हीकडचे पूर्वज शेजारी होते आणि शब्दांची उसनवारी चालायची. आपलं शत तिकडे साता, म्हणजे शंभरच. वज्राचं झालं वासारा, म्हणजे हातोडा, इंद्राचं शस्त्र तिकडे खिळे ठोकतंय! मग आर्याचंच असं का झालं? तर लढाईत धरून आणलेली माणसं राबायला ठेवली असतील आणि जमातीचं नाव तेच कामाचं नाव झालं असेल असा तर्क आहे. लेखी पुरावा कुठला मिळणार, पण इंग्रजीत स्लाव लोकांवरून स्लेव्ह झालाच की. आणि आपल्याकडे तरी वेगळं काय, ऋग्वेदात दास म्हणजे शत्रू, पुढे त्याचाच अर्थ नोकर, गुलाम.

मराठीत तर अजून गंमत आहे. संस्कृत आर्यक, प्राकृतात अज्जय, त्यातूनच आपला आजा, आणि मग आजी. म्हणजे माझी आजी आणि फिनलंडचा गुलाम, दोघं एकाच शब्दाची नातवंडं. हे आजीला सांगितलं असतं तर चुलीपुढून मान वर न करता म्हणाली असती, "मग, जन्मभर दुसरं काय केलं मी या घरात?"

लेखाचा दुसरा भाग येणार आहे म्हणे, त्यात एवढा ओर्या तेवढा घ्या.

आपला एक जुना वाचक,
ठाणे