पहिल्या सरीचे पाणी कोण तपासणार? पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यावरणमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

औद्योगिक वसाहतीच्या पावसाळी नाल्याच्या तोंडाशी पहिल्या सरीचे घाण पाणी अडवणारे गेट यंदा पावसाळ्याआधी बसेल, असे आश्वासन आपल्या खात्याने दिले होते. गेट बसले नाही. मृगाची पहिली मोठी सर आली, नाला काळा-तांबडा वाहिला आणि खालच्या डोहात मासे पालथे पडले. नमुने घ्यायला पथक आले चौथ्या दिवशी. मधल्या काळात रात्रंदिवस पाऊस झोडपत होता. अहवालाचा निष्कर्ष: 'सर्व घटक मर्यादेत.' असणारच. चौथ्या दिवशी नाल्यात होते ते ढगातले पाणी, कारखान्यांचे पाणी केव्हाच खाडीला मिळाले होते.

आपण कामात असता, म्हणून हिशेब आम्हीच मांडतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पत्रे आणि काँक्रीटने झाकलेल्या एक हेक्टर आवारात दहा मिलिमीटर पडला की ऐंशी-नव्वद हजार लिटर वाहून जाते. दहा हजार लिटरचे आठ-नऊ टँकर धरा. यातला पहिला टँकर आणि शेवटचा टँकर यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. पिंपांखाली गळलेले रसायन, फोर्कलिफ्टचे तेल, माल चढवता-उतरवताना सांडलेली पावडर, बॉयलरची राख, पत्र्यांच्या मुलाम्यातून सुटलेले जस्त असे आठ महिने साचलेले सगळे मुख्यतः पहिल्या अर्ध्या तासात निघते. ईटीपीचा, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा, गाळ वाळवायच्या वाफ्यांवर छप्पर नसेल तर तो गाळही. काही महाभाग तर सरीची वाटच बघतात. टाकीत राखून ठेवलेले सांडपाणी पावसात सोडले की प्रक्रियेचा खर्च वाचतो आणि पुरावाही धुऊन जातो.

२०१४ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अतिप्रदूषक उद्योगांच्या सतरा प्रकारांना ऑनलाइन मापक बसवायला लावले. पाण्याचे हे मापक लागले कुठे, तर ईटीपीच्या निकासावर. पावसाळी गटार मोकळे. पुढच्या दाराला पहारेकरी आणि मागचे दार सताड उघडे!

कायद्यात तरतूद नाही, हे मात्र सांगू नका. १९७४ च्या जल कायद्यात तात्पुरता कोरडा पडलेला ओढाही 'प्रवाह' धरला आहे. घरगुती मैलापाणी सोडून उद्योगाच्या आवारातून बाहेर सोडलेला कोणताही द्रव, वायू वा घन पदार्थ औद्योगिक सांडपाण्यात मोडतो. तो आकाशातून आलेल्या पाण्यात मिसळून निघाला म्हणून त्याला माफी नाही. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याच्या सर्वसाधारण मर्यादाही ठरलेल्या आहेत: दर लिटरला तरंगते घन पदार्थ १०० मिलिग्रॅम, सीओडी (घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन) २५०, बीओडी (तीच घाण जंतूंना खायला लागणारा ऑक्सिजन) ३०, तेल-ग्रीस १०, आणि सामू (पीएच) ५.५ ते ९. एवढे सगळे आहे, पण पाऊस पडत असताना मोजायला माणूस नाही. अमेरिकेत उद्योगांच्या पावसाळी पाण्याला परवाना लागतो. तिथल्या केंद्रीय परवान्यात नमुना कधी घ्यायचा तेही लिहिले आहे: शक्यतो पाणी वाहू लागल्यापासून तीस मिनिटांत, आणि आधीच्या वाहत्या पावसानंतर किमान ७२ तास गेलेले असताना. आपल्याकडे नमुना घेतला जातो तो गाडी उपलब्ध असेल तेव्हा.

बरे, घेतला तर कसा? सामू आणि विद्युतवाहकता जागेवरच मोजायची असते. विद्राव्य ऑक्सिजन मापकाने तिथेच बघायचा, नाहीतर बाटलीत रसायन घालून तिथेच बांधून ठेवायचा. तेल-ग्रीसला काचेची रुंद तोंडाची बाटली लागते, कारण प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला तेल चिकटते आणि आकडा खाली येतो. जड धातूंसाठी नायट्रिक आम्ल टाकून सामू दोनच्या खाली आणावा लागतो. बीओडीची बाटली बर्फात, चार अंशांच्या आसपास ठेवून लवकरात लवकर प्रयोगशाळेत पोचवायची असते. चौथ्या दिवशीच्या पथकाकडे एकच प्लॅस्टिकचा कॅन होता आणि तो गाडीच्या टपावर उन्हात ठेवला होता. बाकी बंदोबस्त चोख.

त्यात पुन्हा बीओडीवरचे प्रेम. केंद्रीय मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात ३११ प्रदूषित नदीपट्टे होते, त्यातले ५५ एकट्या महाराष्ट्रात. पहिला नंबर, अभिनंदन. पण तिथे निकष एकच, बीओडी ३ च्या वर. बीओडी म्हणजे जंतूंनी खाल्लेला ऑक्सिजन. पाण्यात तांबे, क्रोमियम किंवा विषारी सॉल्व्हंट असले की बाटलीतले जंतूच मरतात, मग खाणार कोण? नमुना पुरेसा पातळ केला नाही तर पाणी जितके विषारी तितका आकडा देखणा. म्हणून सीओडी आणि बीओडी शेजारी ठेवून बघायचे असतात. सीओडी चारशे आणि बीओडी वीस दिसला तर खूश व्हायचे नसते, धावायचे असते.

चोर पकडायला उपग्रह लागत नाही, साहेब. तीन दिवस कोरडे गेले आणि पावसाळी गटारात तरीही धार आहे, तर ते पाणी पावसाचे नाही. जमिनीतला झरा असेल तर ते वाहकता सांगेल. हातातला वाहकतामापक घेऊन नाल्याच्या तोंडापासून वर चालत जायचे आणि एकेक चेंबर उघडायचे. वाहत्या पावसाच्या पाण्याची वाहकता सहसा शे-दोनशे मायक्रोसीमेन्सच्या घरात असते, हजारांत उडी मारली की सांडपाण्याची चोरटी जोड त्याच टप्प्यात आहे. मग संशयित आवाराच्या आतल्या गटारात हिरवा फ्लुरोसिन रंग ओतायचा आणि खालच्या चेंबरवर माणूस उभा करायचा. एका दुपारचे काम. पण ते आम्ही केले तर अतिक्रमण, आणि आम्ही भरून आणलेली बाटली कोर्टात चालत नाही. कलम २१ प्रमाणे मालकाला नोटीस देऊन, नमुन्याचे दोन भाग करून, सील करून घेतलेलाच नमुना पुरावा. म्हणजे घेऊ शकणारे येत नाहीत आणि येऊ शकणाऱ्यांचा चालत नाही. तोवर विहिरीला फेस येतो, गुरे तोंड लावत नाहीत, अंगाला खाज सुटते. तक्रार केली की उत्तर ठरलेले: नाला वसाहतीचा, पाणी मंडळाचे, मासे मत्स्यखात्याचे. वास तेवढा आमचा.

आणि गेट? ते बसवले तरी काय होईल ते आजच सांगतो. वर्षभर कोणी हलवणार नाही, स्क्रू गंजेल, उंबऱ्यावर गाळ बसून पाते पूर्ण टेकणार नाही आणि हँडल ठेकेदाराच्या घरी असेल. पहिल्या पंधरा मिलिमीटरसाठी हेक्टरी दीडशे घनमीटरची टाकी बांधली तरी पंप चालवून ती चोवीस तासांत ईटीपीकडे रिकामी केली नाही, तर दुसऱ्या सरीला ती आधीच भरलेली असते. रसायनांच्या टाक्यांभोवती सर्वांत मोठ्या टाकीच्या ११० टक्के क्षमतेचा बांध असतो, कागदावर. पावसाचे पाणी साचते म्हणून त्याचा व्हॉल्व्ह सगळा पावसाळा उघडा. तपासणी अधिकारी बांधाची उंची मोजतात, व्हॉल्व्हला हात लावत नाहीत. कारण फॉर्मवर रकाना उंचीचा आहे.

तुमच्या खात्याचे दुखणे हेच रकाने आहेत. कारखाना चालवायला मंडळ देते त्या संमतीपत्रात ईटीपीच्या पाण्याचे पान भरून तक्ते आणि पावसाळी पाण्यावर एक ओळ: 'स्वतंत्र गटार असावे.' आहे की! त्याच स्वतंत्र गटारातून विष येते.

पुन्हा आश्वासन नको. संमतीपत्राच्या अटींत बदल करणारा आदेश काढा: प्रत्येक पावसाळी निकासाचा नकाशा आणि क्रमांक, तोंडाशी वाहकता व सामूचे मापक, पाणी चढताच आपोआप बाटली भरणारे यंत्र, दर महिन्याला गेट उघड-बंद केल्याची नोंद, आणि हे सारे आकडे त्याच दिवशी लोकांना दिसतील असे. नमुना कोणत्या वेळी घेतला आणि त्याआधी पाऊस किती झाला होता, हे अहवालावर छापल्याशिवाय 'मर्यादेत' हा शब्द वापरायला बंदी करा. ओढ दिल्यानंतरच्या पहिल्या सरीला तुमचा माणूस नाल्यावर पाठवा. वेळ आम्ही फोन करून कळवू, फक्त फोन उचला.

कळावे,
नाल्याच्या खालच्या अंगाचे रहिवासी