सूचना : पाण्याचे नमुने घेण्याबाबत (घुग्घुस-वणी कोळसा पट्टा)

सर्व सभासदांना नमस्कार. नमुना भरण्याआधी हातपंप किमान 10 मिनिटे चालवा. पाइपात साचलेल्या पाण्यात गंज उतरतो आणि अहवालात लोह उगाच वाढलेले दिसते. एक लिटरची प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरा. फ्लोराइडसाठी काच चालत नाही. धातू तपासण्यासाठीच्या छोट्या बाटलीत प्रयोगशाळेने नायट्रिक आम्ल घातलेले असते. ती विसळू नका, आम्ल हाताला लागू देऊ नका. आम्ल गेले तर लोह-मँगनीज बाटलीला चिकटते आणि आकडा खोटाच कमी येतो.

खाणीपासून दूरच्या एका विहिरीचा नमुना घ्याच. कोळशातल्या पायराइटला (लोह-गंधकाचे खनिज) हवा-पाणी लागले की सल्फेट आणि लोह सुटते, पण फ्लोराइड बहुधा मूळ खडकातलेच असते. तुलनेशिवाय खाणीवर बोट ठेवता येत नाही.

फ्लोराइडची मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम. दुसरा स्रोतच नसेल तर 1.5. त्यापुढे ते पाणी पिण्यास आणि स्वयंपाकास बंद, धुण्याभांड्याला चालेल. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून वाढते. लहान मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग दिसले तर त्या घराचा पंप आधी तपासा.

बाटलीवर गाव, पंपाची खूण, तारीख, वेळ लिहा.